हिऱ्याची घडण आणि त्याचे वाजवी मोल

हिरा विकत घेण्यास निघालेल्या माणसास दुकानात बहुधा तीनच प्रश्न सुचतात : खडा किती वजनाचा आहे, तो पांढरा आहे की पिवळसर, आणि त्यात काही डाग आहे काय. तिन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु ज्या गुणामुळे हिरा डोळ्यांत भरतो त्या गुणाविषयी, म्हणजे त्याच्या घडणीविषयी, फारच थोडे ग्राहक काही विचारतात. रंग आणि शुद्धता हिऱ्याला भूगर्भातून मिळालेली असतात. घडण तेवढी माणसाच्या हातची. जवाहिऱ्यांच्या बाजारात तिला सरळ ‘कट’ असेच म्हणतात. या घडणीची पारख कशी करावी आणि हिऱ्याच्या किमतीशी तिचे नाते काय, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे. सामान्य कुटुंबात हिऱ्याची अंगठी किंवा कुड्यांची जोडी आयुष्यात एकदोनदाच घेतली जाते आणि तिच्यामागे पुष्कळदा कित्येक वर्षांची बचत असते. त्यामुळे हा विषय केवळ शौकिनांपुरता आहे असे समजण्याचे कारण नाही.

वजनाचा मोह

आपल्या देशात हिऱ्याची पारख हे फार जुने शास्त्र आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्याच्या परीक्षेला स्वतंत्र अध्याय दिला. त्यात आठ पांढऱ्या मोहऱ्या म्हणजे एक तांदूळ असे माप सांगून वीस तांदूळ भाराच्या हिऱ्याचे मूल्य दोन लक्ष ठरविले आहे, आणि वजन दोन-दोन तांदळांनी उतरत जाईल तसतसे मूल्य कसे उतरते याचे कोष्टकही दिले आहे. प्राचीन रत्नशास्त्राला पैलू पाडलेला हिरा अभिप्रेत नव्हता. सहा टोके, आठ पृष्ठे आणि बारा धारा असलेला निसर्गसिद्ध स्फटिक हाच त्या ग्रंथांचा आदर्श. अशा स्फटिकात वजन आणि रूप यांचा झगडा उद्भवतच नाही. हिऱ्याला चाकावर घासून पैलू पाडण्यास प्रारंभ झाला तेव्हा तो झगडा सुरू झाला, कारण प्रत्येक पैलू वजन खाऊनच निर्माण होतो.

सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींना भेट देणारा फ्रेंच जवाहिऱ्या झां बाप्तिस्त तावेर्निए याने हा झगडा प्रत्यक्ष पाहिला. त्याने लिहून ठेवले आहे की, खडा निर्दोष असेल तर हिंदी कारागीर त्याला वरखाली चाकाचा केवळ स्पर्श करतात. वजन घटेल या भीतीने त्याला आकार देण्याचे धाडस करीत नाहीत. मात्र खड्यात दोष असेल तर तो झाकण्यासाठी त्यावर बारीकबारीक पैलू पाडतात. म्हणजे त्या काळी पुष्कळ पैलू दिसले की चतुर गिऱ्हाईक सावध होत असे! मोठ्या हिऱ्याची किंमत वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एका कॅरटच्या खड्याला जी किंमत तिच्या चौपट दोन कॅरटच्या खड्याला, हा नियमही त्याच्याच नावाने प्रसिद्ध आहे. असा नियम प्रचारात असताना वजन घालविण्यास कोण धजणार? औरंगजेबाच्या दरबारी १६६५ मध्ये तावेर्निएने जो प्रचंड हिरा पाहिला तो होर्तेन्सिओ बोर्जिओ या व्हेनिसच्या कारागिराने घासला होता. घासण्यात त्याचे वजन इतके घटले की मजुरी मिळणे दूरच, बोर्जिओला दहा हजार रुपये दंड झाला.

याच्या नेमकी उलट कथा कोहिनूरची. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात तो मांडला असता लोक निराश झाले. एवढ्या नावाजलेल्या हिऱ्यात त्यांना काचेहून फारसे अधिक तेज दिसेना. पुढील वर्षी ॲमस्टरडॅमच्या कोस्टर पेढीचे कारागीर बोलावून त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले. हे काम ३८ दिवस चालले. जुन्या मापाने सुमारे १८६ कॅरटचा हिरा आजच्या मापाने १०५.६ कॅरटवर आला, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक वजन गेले. तेज वाढले खरे. तरीही एवढी घट सोसावी लागावी याबद्दल हळहळणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. वजन राखावे की प्रकाश मिळवावा, हा प्रश्न दोन्ही कथांत एकच आहे, आणि आज बाजारात मांडलेल्या अर्ध्या कॅरटच्या साध्या खड्यामागेही तोच असतो. फरक इतकाच की त्याचा निकाल आता ग्राहकाच्या पश्चात, कारखान्यात लागलेला असतो.

प्रकाशाचे गणित

घडणीची पारख समजण्यासाठी हिऱ्यात प्रकाशाचे काय होते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२ आहे, साध्या काचेचा सुमारे १.५ आणि पाण्याचा १.३३. वक्रीभवनांक जितका अधिक, तितका पदार्थातून बाहेर पडू पाहणारा प्रकाश अधिक सहजपणे आत कोंडला जातो. हिऱ्याच्या आतून पृष्ठभागावर येणारा किरण लंबापासून २४.४ अंशांहून अधिक कललेला असला तर तो बाहेर पडत नाही, संपूर्णपणे परावर्तित होऊन आतच वळतो. या मर्यादेला क्रांतिक कोन म्हणतात. काचेत तो सुमारे ४२ अंश असतो. म्हणून काचेच्या खड्यातून पुष्कळसा प्रकाश मागच्या बाजूने निसटतो. हिऱ्याला निसर्गाने ही देणगी दिली आहे, परंतु तिचा लाभ होणे न होणे सर्वस्वी पैलूंच्या कोनांवर अवलंबून आहे.

गोल हिऱ्याची आजची रूढ घडण ५८ पैलूंची असते. वरच्या बाजूस मधोमध मोठा सपाट पैलू असतो. त्याला टेबल म्हणतात. टेबलासह वरच्या उतरत्या भागास आपण माथा म्हणू. त्यात ३३ पैलू असतात. खालच्या निमुळत्या भागास तळ म्हणू. त्यात २४ पैलू असून अगदी टोकाला एखादा सूक्ष्म पैलू असतो किंवा ते टोक तसेच अणकुचीदार ठेवलेले असते. माथा आणि तळ जेथे मिळतात त्या कडेला मेखला म्हणतात. हिरा बोटात घातल्यावर आपल्याला दिसतो तो माथा. परंतु आरशाचे काम करतो तो तळ.

समजा, एक किरण टेबलातून सरळ खाली उतरला. तळाचे पैलू आडव्या पातळीशी सुमारे पावणेएकेचाळीस अंशांचा कोन करीत असतील, तर किरण त्यांवर तेवढ्याच कोनात आदळतो. हा कोन २४.४ अंशांहून बराच मोठा असल्याने किरण पूर्णपणे परावर्तित होऊन समोरच्या पैलूवर जातो, तेथेही पुन्हा पूर्णपणे परावर्तित होतो आणि माथ्याकडे परततो. माथ्याशी मात्र तो क्रांतिक कोनाच्या आत येत असल्याने बाहेर पडून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. बाहेर पडताना पांढऱ्या प्रकाशाचे रंग विलग होतात. हिऱ्याचे अपस्करण मोठे असल्यामुळे लाल, निळ्या, नारिंगी ठिणग्या दिसतात. जाणकार शुभ्र चकाकी आणि रंगीत ठिणग्या या दोन गोष्टी वेगळ्या मानतात, आणि चांगल्या घडणीत दोन्हींचा मेळ असावा लागतो.

मार्सेल तोल्कोव्स्की या अँटवर्पच्या जवाहिरी घराण्यातील तरुणाने १९१९ मध्ये लंडन येथे ‘डायमंड डिझाइन’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हा मेळ गणिताने मांडला. त्याच्या हिशेबाने टेबल हे व्यासाच्या ५३ टक्के, माथ्याच्या मुख्य पैलूंचा कोन ३४.५ अंश आणि तळाच्या पैलूंचा ४०.७५ अंश असावा. कारागिरांनी अनुभवाने जे हेरले होते त्याच्याशी ही उत्तरे बरीचशी जुळली, हे त्या हिशेबाचे मोठेच प्रशस्तिपत्र म्हटले पाहिजे. मात्र हे आकडे मंत्रासारखे घोकण्यात अर्थ नाही. माथा आणि तळ एकमेकांना सांभाळून घेतात : माथा किंचित उभट असेल तर तळ किंचित पसरट असलेला बरा, आणि माथा पसरट असेल तर तळ थोडा अधिक खोल चालतो. दोन्ही एकाच वेळी उभट झाले की प्रकाश गळू लागतो.

तळ फार खोल गेला तर टेबलाचा मध्यभाग काळवंडतो. खिळ्याचे डोके पाहावे तसा काळा ठिपका मधोमध दिसतो. तळ फार उथळ असेल तर मेखलेचे प्रतिबिंब टेबलात उतरून राखी रंगाचे कडे दिसते. पाश्चात्त्य जवाहिरे त्याला मत्स्यनेत्र म्हणतात आणि उपमा अगदी चपखल आहे. आपल्याकडील जुन्या पोलकी हिऱ्यांना तळ जवळपास नसतोच. त्यामुळे कुंदनाच्या दागिन्यात खड्याच्या मागे चकचकीत पत्रा ठेवून प्रकाश परतविण्याची युक्ती करावी लागते. पत्रा काळा पडला की अस्सल हिराही मेल्यासारखा दिसतो, याचा अनुभव जुने दागिने बाळगणाऱ्या घरांना असेल.

कारागिराचा हिशेब

एवढे गणित ठाऊक असताना सदोष घडणीचे हिरे बाजारात येतातच कसे? यात कारागिराचे अज्ञान क्वचितच असते. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या हिऱ्यांपैकी, संख्येने पाहता, दहातील सुमारे नऊ हिरे भारतात घडतात आणि त्यांतील फार मोठा भाग सुरतेत. तेथील घंटीवर, म्हणजे हिरे घासण्याच्या चाकावर, बसणारा कारागीर कौशल्यात कोणालाही हार जाणारा नाही. शिवाय आता कच्च्या खड्याचे सर्व बाजूंनी मापन करून संगणकच घडणीचे अनेक पर्याय पुढे ठेवतो, आणि खडा कापण्याचे काम लेसर किरण करतो.

खरे कारण हिशेबाचे आहे. कच्च्या हिऱ्याचे सुमारे निम्मे, पुष्कळदा त्याहूनही अधिक वजन घासण्यात जाते. एखाद्या खड्यातून उत्तम घडणीचा ०.९० कॅरटचा हिरा निघेल किंवा तळ थोडा खोल व मेखला थोडी जाड ठेवल्यास पुरता १.०० कॅरटचा निघेल, असे दोन पर्याय समोर असले तर मालक दुसरा निवडण्याचा संभव अधिक, कारण एक कॅरटची वेस ओलांडताच दर कॅरटमागची किंमतच वाढते. ग्राहक घडणीविषयी काही विचारत नाही हे मालकाला ठाऊक असते. या व्यवहारात कोणी खोटे बोललेले नसते. वजन खरे, रंग खरा, शुद्धताही खरी. तरीसुद्धा ग्राहकाने ज्या वजनाचे पैसे मोजले त्यातील काही भाग त्याला कधी दिसणारच नाही अशा ठिकाणी दडलेला असतो.

हे दडलेले वजन शोधून काढणे मुळीच अवघड नाही. त्यासाठी एक साधे सूत्र आहे. गोल हिऱ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास खोलीने गुणावे आणि आलेल्या संख्येस ०.००६१ ने गुणावे. उत्तर म्हणजे हिऱ्याचे अंदाजे वजन, कॅरटमध्ये. चांगल्या घडणीच्या एक कॅरट हिऱ्याचा व्यास सुमारे ६.४ ते ६.५ मिलिमीटर आणि खोली सुमारे ३.९५ मिलिमीटर असते, म्हणजे खोली व्यासाच्या ६१ टक्क्यांच्या आसपास. आता दुसरा खडा पाहा. वजन तेच एक कॅरट, पण व्यास ६.२ मिलिमीटर. सूत्र उलटे वापरल्यास त्याची खोली सुमारे ४.२६ मिलिमीटर निघते, म्हणजे जवळजवळ ६९ टक्के. ६.२ मिलिमीटर व्यासाचा उत्तम घडणीचा हिरा ०.८९ कॅरटच्या आसपास भरला असता. तेव्हा या खड्यात सुमारे अकरा सेंट वजन ओझ्यासारखे आहे. (एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याच्या शंभराव्या भागास बाजारात सेंट म्हणतात.) हे अकरा सेंट रूपात भर घालीत नाहीत, उलट तळ बिघडवून उरलेल्या एकोणनव्वद सेंटांचेही तेज कमी करतात. आणि त्यांचे पैसे एक कॅरटच्या चढ्या दराने द्यावयाचे!

याउलट दोषही होऊ शकतो. कच्चा खडा मुळात चपटा असेल तर हिरा पसरट व उथळ केला जातो. तो वजनाच्या मानाने मोठा दिसतो म्हणून ग्राहकाला फायद्याचा वाटतो, पण टेबलात मत्स्यनेत्र उमटलेले असते आणि मधला भाग निर्जीव असतो.

प्रमाणपत्र आणि डोळे

एवढ्यासाठी हिऱ्याबरोबर येणारे प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र केवळ खिशात न ठेवता वाचले पाहिजे. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही संस्था १९३१ मध्ये स्थापन झाली. रंगासाठी डी पासून झेड पर्यंतची अक्षरे तिनेच रूढ केली. गोल हिऱ्यांच्या घडणीस श्रेणी देण्याची पद्धत मात्र तिने २००६ मध्ये सुरू केली. एक्सलन्ट, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर अशा त्या पाच श्रेणी आहेत. शेवटच्या दोन श्रेणींचा खडा सामान्य ग्राहकाने विचारातच घेऊ नये असे आमचे मत आहे. ‘गुड’ ही श्रेणीही नावाइतकी चांगली नाही. आणि ‘एक्सलन्ट’ची व्याप्ती बरीच मोठी असल्याने तिच्यातही डावे-उजवे असतेच. म्हणून श्रेणीवर न थांबता आकडे पाहावेत. टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२.५ टक्के, माथ्याचा कोन ३४ ते ३५ अंश, तळाचा कोन ४०.६ ते ४१ अंश आणि मेखला फार जाडही नाही व फार पातळही नाही, असा खडा सहसा निराशा करीत नाही. मेखला अतिशय पातळ असेल तर खडा बसविताना कड टवका उडण्याचा धोका असतो. जाड असेल तर तेथे वजन दडलेले असते.

प्रमाणपत्रावर मापे पुढीलप्रमाणे दिलेली असतात : ६.४३–६.४६ × ३.९६ मि. मी. पहिले दोन आकडे लहानात लहान व मोठ्यात मोठा व्यास दाखवितात. त्यांतील अंतर जितके कमी तितका खडा अधिक वाटोळा. तिसरा आकडा खोलीचा. वरील सूत्राने या खड्याचे वजन १.०० कॅरटच्या आसपास येते आणि खोली सुमारे ६१.४ टक्के; म्हणजे येथे काही दडविलेले नाही. नाशपाती, लंबगोल, पाचूघाट इत्यादी आकारांच्या हिऱ्यांच्या प्रमाणपत्रांत घडणीची श्रेणी बहुधा नसते, फक्त झिलई आणि समरूपता यांचा निर्वाळा असतो. तेथे डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

आणि डोळ्यांची गोष्ट निघाली आहे म्हणून सांगितले पाहिजे की, दुकानातील दिवे हे विक्रेत्याचे अर्धे काम करीत असतात. छतातून रोखलेल्या अनेक प्रखर लहान दिव्यांखाली वाईट घडणीचा हिरा, एवढेच काय चांगला काचमणीही, लखलखतो. खडा खिडकीशी न्यावा आणि दिवसाच्या सौम्य, पसरलेल्या उजेडात हातभर अंतरावरून पाहावा. तेथेही ज्याचे तेज टेबलापासून कडेपर्यंत सारखे पसरलेले दिसते, हलविला असता काळे-पांढरे कवडसे जागा बदलतात आणि कोठेही कायमचा निस्तेज डाग राहत नाही, तो खरा घडीव हिरा. उत्तम समरूपतेच्या गोल हिऱ्यात वरून पाहता केंद्रापासून निघणारे आठ बाण स्पष्ट ओळखू येतात. खडा दुकानात पाहताना पुसून घेण्यास संकोच करू नये, कारण बोटाच्या तेलकटपणाने तळाचे परावर्तन मंदावते. शक्य असेल तेव्हा तुलना करावी. एकाच वजनाचे व रंगाचे, पण भिन्न घडणीचे दोन खडे शेजारीशेजारी ठेवले की जे दहा पाने वाचून कळत नाही ते क्षणात कळते.

रंग व शुद्धता यांविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही. एवढेच ध्यानात ठेवावे की शुद्धतेची श्रेणी दसपट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली ठरते. व्हीएस श्रेणीतील दोष नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, आणि सोन्यात बसविलेल्या खड्यात जी व एच रंगांमधील भेद ओळखणे जाणत्यालाही कठीण जाते. जो पैसा न दिसणाऱ्या शुद्धतेवर खर्च होतो तो घडणीकडे वळविला तर दिसतो. आवडीनिवडींचेही प्रांत असतात. अतिनील प्रकाशात निळसर प्रभा देणारा हिरा जागतिक बाजारात बहुधा थोडा स्वस्त मिळतो. तमिळनाडूत मात्र तोच ‘ब्लू जेगर’ नावाने पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाचा विषय आहे. तेथील सात खड्यांच्या कर्णफुलांत सातही खडे एकसारखे चमकले पाहिजेत असा आग्रह असतो, आणि तो घडण सारखी असल्याखेरीज पुरा होत नाही.

दर कसा पाहावा

तावेर्निएच्या काळी हिऱ्याचा सौदा रुमालाखाली हाताच्या खुणांनी होत असे. समोर बसलेल्यासही दर कळत नसे. आज घाऊक बाजारात डॉलरमध्ये छापलेली दरसूची सर्वांसमोर असते. न्यूयॉर्कच्या मार्टिन रॅपपोर्ट यांनी १९७८ मध्ये सुरू केलेली ही सूची गोल हिऱ्यांचे कॅरटमागचे दर वजनाच्या टप्प्यांप्रमाणे, आणि प्रत्येक टप्प्यात रंग व शुद्धता यांच्या कोष्टकात देते. घडण या कोष्टकात बसत नाही. तिचा हिशेब सूचीतील दरावर किती टक्के सूट द्यावयाची यातून होतो. म्हणून “हा सूचीच्या दरापेक्षा एवढ्या टक्क्यांनी स्वस्त आहे” या वाक्याने हुरळून जाऊ नये. मोठी सूट हे घडणीतील उणिवेचेच चिन्ह असण्याचा संभव असतो.

वजनाच्या टप्प्यांचा ग्राहकाला उपयोगही करून घेता येतो. ०.५०, ०.७०, ०.९०, १.००, १.५० या वेशींवर दर उडी घेतात. ०.९५ कॅरटचा उत्तम घडणीचा हिरा एक कॅरटच्या वेशीच्या अलीकडे असल्याने कॅरटमागे स्वस्त पडतो आणि व्यासात त्याची उणीव एक-दोन दशांश मिलिमीटरहून अधिक नसते. बोटात घातल्यावर हा फरक कोणाला दिसावयाचा?

दागिन्याच्या बिलात आणखी दोन ठिकाणी लक्ष द्यावे लागते. ‘एकूण हिरे १ कॅरट’ असे लिहिलेल्या अंगठीत दहा-दहा सेंटांचे दहा खडे असतील, तर तिची तुलना एक कॅरटच्या एकट्या हिऱ्याशी करता येत नाही. तावेर्निएचा जुना वर्गाचा नियम लावल्यास एकटा खडा त्या दहांच्या एकूण किमतीच्या दहापट ठरेल; आजचे प्रमाण तेच नसले तरी दिशा तीच आहे. खड्यांची संख्या आणि प्रत्येकाचा दर बिलात स्वतंत्र लिहून घ्यावा. दुसरे ठिकाण सोन्याचे. अंगठी तराजूत ४.२०० ग्रॅम भरली आणि तीत एक कॅरट हिरा असेल, तर सोने ४.००० ग्रॅमच आहे, कारण ०.२०० ग्रॅम हिऱ्याचे. सोन्याचा भाव एकूण वजनावर लावला असेल तर हिऱ्याचे वजन दोनदा विकले गेले. हॉलमार्क हा सोन्याच्या शुद्धतेचा पुरावा आहे. हिऱ्याविषयी तो काहीच सांगत नाही. घडणावळ आणि कर वेगळे दाखविलेले असावेत, आणि दागिना परत घेतल्यास कोणत्या रकमेवर किती वजावट होईल हेही त्याच कागदावर लेखी असावे. तोंडी आश्वासन देणारा मनुष्य दहा वर्षांनी त्याच दुकानात असेलच असे नाही.

प्रयोगशाळेत तयार झालेल्या हिऱ्यांमुळे या हिशेबाला नवे वळण मिळाले आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रचंड दाब व उष्णता यांच्या साहाय्याने हिरा तयार केल्याचे १९५५ मध्ये जाहीर केले. पुढे वायूतून कार्बनचे थर बसवून हिरा वाढविण्याची रीतही सिद्ध झाली आणि सुरत तिचे मोठे केंद्र बनले. हा हिराच असतो. त्याचा वक्रीभवनांक तोच, कठीणपणा तोच, आणि नुसत्या डोळ्यांनी किंवा भिंगाने तो ओळखता येत नाही. परंतु तो हवा तितका करता येत असल्याने त्याचे दर गेल्या काही वर्षांत झपाट्याने घसरले आहेत. खाणीतल्या हिऱ्याच्या दराशी त्याची तुलना करून “अर्ध्या किमतीत मिळाला” असे समाधान मानणे व्यर्थ होय. त्याची तुलना त्याच्याच जातीच्या दुसऱ्या हिऱ्याशी केली पाहिजे. येथे कच्चा माल स्वस्त आहे. वजन वाचविण्यासाठी तळ खोल ठेवला ही सबब कारखानदाराला उरत नाही, म्हणून अशा हिऱ्यात मध्यम प्रतीची घडण मुळीच चालवून घेऊ नये.

खडा निवडून तो दागिन्यात बसविण्यासाठी दिल्यावर एक तपासणी शिल्लक राहते. प्रमाणपत्राचा क्रमांक पुष्कळ हिऱ्यांच्या मेखलेवर लेसरने सूक्ष्म अक्षरांत कोरलेला असतो. बसविण्यापूर्वी तो भिंगातून एकदा वाचावा आणि दागिना हाती आल्यावर पुन्हा एकदा. नख्यांच्या उघड्या कोंदणात तो बहुधा वाचता येतो. बंद कोंदणात मेखला झाकली जाते, म्हणून तसे कोंदण हवे असेल तर खडा आपल्या देखत बसवून घेणे इष्ट.